ग्रेट अंदमानी भाषेचे दस्तऐवजीकरण

ग्रेट अंदमानी भाषेचे दस्तऐवजीकरण म्हणजे बंगालच्या उपसागरातील अंदमान बेटांवरील ग्रेट अंदमानी या आदिवासी समाजाच्या भाषेची क्षेत्रकार्य, ध्वनिमुद्रण, चित्रमुद्रण, लिप्यंकन आणि विश्लेषण यांद्वारे झालेली नोंद होय. या भाषेच्या लिखित नोंदी एकोणिसाव्या शतकापासून आढळतात. आधुनिक अर्थाने दस्तऐवजीकरण मात्र भाषावैज्ञानिक अन्विता अब्बी यांनी २००१–०२ मध्ये केलेल्या पाहणीपासून आणि २००५ मध्ये सुरू झालेल्या 'व्हॅनिशिंग व्हॉइसेस ऑफ द ग्रेट अंदमानीज' (संक्षेपाने 'व्होगा') या प्रकल्पापासून सुरू झाले. त्या वेळी ही भाषा जाणणाऱ्या व्यक्ती दहाच्या आसपास होत्या. त्यांपैकी नाओ ज्युनियर, बोरो सीनियर, बोआ सीनियर आणि लिचो यांचे २००९ ते २०२० या काळात निधन झाले. त्यामुळे या प्रकल्पातील ध्वनिमुद्रणे हाच आज या भाषेविषयीच्या ज्ञानाचा प्रमुख आधार आहे.

पार्श्वभूमी

भाषा आणि जमाती

अंदमान बेटांवरील मूळ रहिवाशांमध्ये ग्रेट अंदमानी, ओंगे, जारवा आणि सेंटिनली हे समाज येतात. 'ग्रेट अंदमानी' हे एका जमातीचे मूळ नाव नाही. उत्तर, मध्य आणि दक्षिण अंदमानात राहणाऱ्या दहा जमातींसाठी ते एकत्रितपणे वापरले जाते. उत्तरेकडील जमाती सारे (अका-चारी), खोरा (अका-कोरा), बो (अका-बो) आणि जेरू (अका-जेरू) या होत. अका-केदे, अका-कोल, ओको-जुवोई आणि आ-पुचिकवार या मध्य भागातील, तर अकर-बाले आणि अका-बेआ या दक्षिणेकडील जमाती होत. प्रत्येक जमातीची स्वतःची भाषा होती. शेजारच्या जमातींना एकमेकींची भाषा बहुतांशी समजत असे. अंतर वाढत जाई तसा समजण्यातील फरकही वाढत जाई.

आज ज्या भाषेला 'वर्तमान ग्रेट अंदमानी' म्हणतात ती उत्तरेकडील चार भाषांच्या मिश्रणातून बनली आहे आणि तिचा पाया प्रामुख्याने जेरू भाषेचा आहे. निरनिराळ्या जमातींतील उरलेली माणसे एकत्र राहू लागल्यावर त्यांच्या परस्पर व्यवहारातून ही मिश्रभाषा आकाराला आली.

लोकसंख्येतील घट

ब्रिटिशांनी १७८९ मध्ये अंदमानात पहिली वसाहत केली. रोगराईमुळे ती १७९६ मध्ये सोडून द्यावी लागली. १८५७ च्या उठावानंतर १८५८ मध्ये पोर्ट ब्लेअर (सध्याचे श्री विजयपुरम) येथे कैद्यांची वसाहत स्थापन झाली आणि ती कायम राहिली. त्या सुमारास ग्रेट अंदमानी लोकांची संख्या पाच हजारांहून अधिक असावी असा अंदाज आहे. जंगलतोडीला विरोध करणाऱ्या या लोकांचा वसाहतीशी संघर्ष झाला. १८५९ मधील ॲबरडीनची लढाई हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग होय. १८६३ पासून 'अंदमान होम' या नावाच्या निवासांमध्ये त्यांना ठेवण्याचे धोरण स्वीकारले गेले. जंगलात विखरून राहणारी माणसे तेथे दाटीवाटीने राहू लागली, आणि बाहेरून आलेल्या रोगांशी लढण्याची प्रतिकारशक्ती त्यांच्याकडे नव्हती. न्यूमोनिया, उपदंश आणि विशेषतः १८७७ मधील गोवराच्या साथीने हा समाज खचला.

१९०१ च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी लोकांची संख्या ६२५ इतकी नोंदली गेली. १९५१ मध्ये ती २३ आणि १९६१ मध्ये १९ झाली. पुढे १९७० च्या सुमारास शासनाने उरलेल्या लोकांचे स्ट्रेट बेटावर पुनर्वसन केले. त्यानंतर संख्या काहीशी वाढून पन्नासच्या वर गेली. मात्र या वाढीबरोबर भाषा वाढली नाही. समाजाबाहेरील विवाह, शाळा, नोकरी आणि पोर्ट ब्लेअरमधील वास्तव्य यांमुळे घरातील व्यवहार अंदमानी हिंदीत होऊ लागला आणि मुले ग्रेट अंदमानी शिकेनाशी झाली.

पूर्वीच्या नोंदी

अंदमानी भाषांच्या सुरुवातीच्या शब्दसूचींपैकी एक आर. एच. कोलब्रूक यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस केली. तिच्यातील भाषा ग्रेट अंदमानी नसून जारवांशी संबंधित असल्याचे नंतर दिसून आले. ग्रेट अंदमानी भाषांचा पद्धतशीर अभ्यास वसाहतीतील अधिकाऱ्यांनी केला. एडवर्ड होरेस मॅन आणि रिचर्ड कार्नॅक टेंपल यांनी १८७७ मध्ये दक्षिण अंदमानी भाषेवरील पहिली पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यांच्या सामग्रीवरून अलेक्झांडर जॉन एलिस यांनी लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे १८८२ मध्ये या भाषेचा अहवाल मांडला. मॅन यांचा अका-बेआ भाषेचा कोश १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मॉरिस व्हिडाल पोर्टमन यांनी १८८७ मध्ये अंदमानी भाषांची मार्गदर्शिका आणि १८९८ मध्ये दक्षिण गटातील भाषांवरील टिपणे प्रकाशित केली. मानवशास्त्रज्ञ ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९०६ ते १९०८ या काळात अंदमानात क्षेत्रकार्य केले. त्यांचा 'द अंदमान आयलँडर्स' हा ग्रंथ १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणातर्फे एस. मनोहरन यांनी केलेला वर्णनात्मक व तौलनिक अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला.

या साधनांचे महत्त्व मोठे असले तरी त्यांना दोन मर्यादा आहेत. पहिली मर्यादा भूगोलाची आहे. जुन्या नोंदींचा भर वसाहतीच्या जवळ असलेल्या दक्षिणेकडील भाषांवर, विशेषतः अका-बेआवर होता. त्या भाषा विसाव्या शतकात नामशेष झाल्या. जी भाषा टिकली ती उत्तरेकडील होती, आणि तिच्याविषयी सर्वांत कमी लिहिले गेले होते. दुसरी मर्यादा ध्वनीची आहे. शब्द इंग्रजी कानांनी ऐकून रोमन लिपीत लिहिलेले असल्याने मूळ उच्चार नेमका कसा होता हे अनेक ठिकाणी ठरविता येत नाही. बोललेले वाक्य पुन्हा ऐकून पडताळण्याची सोय या नोंदींत नाही.

व्होगा प्रकल्प

प्राथमिक पाहणी

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात भाषाविज्ञानाच्या प्राध्यापक असलेल्या अन्विता अब्बी यांनी २००१–०२ मध्ये ग्रेट अंदमानी, ओंगे आणि जारवा या तीन भाषांची प्राथमिक पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये 'एंडेंजर्ड लँग्वेजेस ऑफ द अंदमान आयलंड्स' या ग्रंथात प्रसिद्ध झाले. ग्रेट अंदमानी ही ओंगे व जारवा यांच्या भाषाकुलापासून वेगळी आहे, असे मत अब्बी यांनी या आणि पुढील अभ्यासातून मांडले. पाहणीतून भाषेची बिकट अवस्थाही स्पष्ट झाली आणि सविस्तर दस्तऐवजीकरणाची गरज पुढे आली. लंडन विद्यापीठाच्या 'स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज' या संस्थेतून चालणाऱ्या लुप्तप्राय भाषा दस्तऐवजीकरण कार्यक्रमाने त्यासाठी अर्थसाहाय्य दिले.

त्सुनामी आणि मदत छावणी

२६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात आलेल्या त्सुनामीचा तडाखा अंदमान-निकोबारला बसला. स्ट्रेट बेटावरील ग्रेट अंदमानी लोक बचावले. पण त्यांना बेट सोडून पोर्ट ब्लेअरमधील मदत छावणीत यावे लागले. वयोवृद्ध बोआ सीनियर झाडावर चढून वाचल्या. जमीन दुभंगेल तेव्हा पळू नये, जागचे हलू नये, असे वडीलधाऱ्यांनी सांगून ठेवले होते, अशी आठवण त्यांनी पुढे सांगितली. प्रकल्पाच्या सुरुवातीचे बरेचसे काम या छावणीतच झाले. एरवी बेटावर आणि शहरात विभागलेली माणसे आपत्तीमुळे एका जागी आली होती.

ग्रेट अंदमानी समाज 'विशेष असुरक्षित आदिवासी गटां'त मोडतो. अंदमान व निकोबारमधील आदिम जमातींच्या संरक्षणासाठी १९५६ मध्ये केलेल्या विनियमानुसार त्यांच्या राखीव क्षेत्रात बाहेरच्या व्यक्तीला परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही. त्यामुळे स्ट्रेट बेटावरील क्षेत्रकार्यासाठी प्रशासनाची परवानगी घेणे आवश्यक असते.

भाषासहायक

ज्या व्यक्ती संशोधकाला आपल्या भाषेची माहिती देतात, उदाहरणे सांगतात आणि ध्वनिमुद्रणे समजावून देतात त्यांना भाषासहायक म्हणतात. या प्रकल्पातील प्रमुख भाषासहायक पुढीलप्रमाणे होते :

नाओ ज्युनियर – व्याकरण, वनस्पती, प्राणी आणि पारंपरिक कथा यांविषयीची पुष्कळशी माहिती त्यांच्याकडून मिळाली. त्यांचे निधन फेब्रुवारी २००९ मध्ये झाले.

बोरो सीनियर – खोरा भाषेच्या अखेरच्या भाषक. निधन नोव्हेंबर २००९.

बोआ सीनियर – बो भाषेच्या अखेरच्या भाषक. निधन २६ जानेवारी २०१०, वयाच्या सुमारे ८५ व्या वर्षी. प्रकल्पातील बहुतेक गाणी त्यांच्या आवाजात आहेत.

लिचो – सारे भाषेच्या अखेरच्या भाषक. निधन एप्रिल २०२०.

या नावांतील 'सीनियर' आणि 'ज्युनियर' ही जोड समाजाच्या नामकरण पद्धतीमुळे लागते. ग्रेट अंदमानी परंपरेत मूल पोटात असतानाच त्याला नाव दिले जाते, त्यामुळे एकच नाव मुलाचे किंवा मुलीचे असू शकते आणि तीच नावे पुन्हा पुन्हा येतात. मुलगी वयात आली की त्या काळात फुललेल्या झाडाचे नाव तिला जोडनाव म्हणून मिळते.

बोआ सीनियर यांची स्थिती भाषेच्या अवस्थेवर प्रकाश टाकते. आईवडिलांच्या निधनानंतर अनेक वर्षे त्यांच्याशी बो भाषेत बोलणारे कोणीही उरले नव्हते. इतरांशी संवाद साधण्यासाठी त्यांना अंदमानी हिंदी शिकावी लागली. अब्बी यांच्या निरीक्षणानुसार त्या पक्ष्यांशी आपल्या भाषेत बोलत असत.

ध्वनिमुद्रणाची पद्धती

भाषेचे वर्णन आणि भाषेचे दस्तऐवजीकरण यांत भाषाविज्ञान भेद करते. हा भेद जर्मन भाषावैज्ञानिक निकोलाउस हिमेलमन यांनी १९९८ मध्ये स्पष्टपणे मांडला. वर्णनाचे उद्दिष्ट व्याकरण आणि कोश हे असते. दस्तऐवजीकरणात भाषेच्या प्रत्यक्ष वापराचे नमुने, म्हणजे संभाषणे, कथा, गाणी, विधी व सूचना, हे पुढील पिढ्यांना निरनिराळ्या हेतूंनी वापरता येतील अशा रीतीने जतन केले जातात. अशा कामात साधारणतः पुढील टप्पे असतात :

संमती – मुद्रण कशासाठी आहे, कोठे ठेवले जाईल आणि कोणाला ऐकता येईल हे सांगून भाषकाची परवानगी घेतली जाते.

शब्द व वाक्यांची विचारणा – शरीराचे अवयव, नातेसंबंध, प्राणी, क्रिया अशा विषयांच्या सूचींवरून शब्द विचारले जातात. त्यानंतर वाक्ये विचारून व्याकरणाचे नियम तपासले जातात.

मुक्त कथन – कथा, आठवणी, शिकारीची वर्णने व गाणी न थांबविता मुद्रित केली जातात. विचारलेल्या वाक्यांत न येणाऱ्या रचना येथे सापडतात.

लिप्यंकन व अनुवाद – मुद्रण तुकड्या-तुकड्यांनी भाषकाला पुन्हा ऐकवून आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत लिहिले जाते. प्रत्येक घटकाखाली त्याचा अर्थ आणि शेवटी संपूर्ण वाक्याचा अनुवाद दिला जातो.

संदर्भमाहिती – कोण, कोठे, केव्हा, कोणत्या प्रसंगी बोलले याची नोंद केली जाते. या माहितीशिवाय जुने मुद्रण पुढे निरुपयोगी ठरू शकते.

अभिलेखन – मूळ फाइली संकुचित न करता अभिलेखागारात ठेवल्या जातात.

या टप्प्यांपैकी लिप्यंकन सर्वाधिक वेळखाऊ असते. ते भाषक हयात असतानाच होणे आवश्यक असते; अर्थ सांगणारे कोणी नसेल तर मुद्रणात केवळ ध्वनी उरतो. ग्रेट अंदमानीच्या बाबतीत ही अडचण तीव्र होती. भाषक थोडे आणि वृद्ध होते, ते वेगवेगळ्या जमातींतील असल्याने एकाच शब्दाचे उच्चार व रूपे निरनिराळी येत, आणि अनेक वर्षे भाषा न वापरल्याने शब्द आठवायला वेळ लागे. संशोधक आणि भाषक यांच्यातील संपर्काची भाषा अंदमानी हिंदी होती.

व्याकरणविषयक निष्कर्ष

'रक्त' या शब्दाचा शोध

अवयवांचे शब्द विचारणे हा क्षेत्रकार्यातील सर्वांत सोपा भाग समजला जातो. ग्रेट अंदमानीत मात्र येथेच पेच निर्माण झाला, कारण एकाच गोष्टीसाठी दर वेळी वेगळा शब्द मिळू लागला. अब्बी यांनी यासंदर्भात 'रक्त' या शब्दाचे उदाहरण दिले आहे. रक्ताला काय म्हणतात असे विचारल्यावर नाओ ज्युनियर यांनी ते कोठून येत आहे असा उलट प्रश्न केला. बोटातून आलेले रक्त असेल तर 'ओंगतेई', पायावरचे असेल तर 'ओतेई' आणि शरीराच्या आत झालेल्या रक्तस्रावासाठी 'एतेई' अशी उत्तरे मिळाली. यातील 'तेई' हा समान अंश रक्ताचा वाचक असून त्याच्या आधीचा अंश शरीराचा विभाग दाखवितो. रक्त कोणाचे वा कोठले हे न सांगता नुसता 'रक्त' हा शब्द उच्चारणे या भाषेच्या स्वभावात बसत नाही.

शरीराचे सात विभाग

अब्बी यांच्या विश्लेषणानुसार ग्रेट अंदमानी भाषा मानवी शरीराचे सात विभाग मानते आणि प्रत्येकासाठी वेगळा पूर्वघटक वापरते :

१. आ – तोंड आणि त्याच्याशी संबंधित अर्थ
२. एर (विवृत ए) – शरीराचे बाहेरून दिसणारे प्रमुख भाग
३. ओंग – शरीराची टोके, उदा. हाता-पायांची बोटे
४. उत – शरीरातून निर्माण होणारे पदार्थ आणि अंश-अंशी संबंध
५. ए – शरीरांतर्गत अवयव
६. आरा – जननेंद्रिये आणि गोलाकार भाग
७. ओ – पाय आणि त्याच्याशी संबंधित भाग

हे पूर्वघटक केवळ अवयवांच्या नावांपुरते मर्यादित नाहीत. नामांबरोबरच क्रियापदे, विशेषणे आणि क्रियाविशेषणे यांनाही ते लागतात आणि अर्थ बदलतात. एखादी क्रिया तोंडाशी संबंधित आहे, आत घडणारी आहे की बाहेरून दिसणारी आहे, हे त्यांवरून कळते. पदार्थाचा अंश, वस्तूची टोके, मनातील विचार अशा अमूर्त कल्पनाही याच चौकटीत मांडल्या जातात. शरीर हाच व्याकरणाचा पाया असलेली ही रचना जगातील भाषांमध्ये दुर्मीळ असल्याचे अब्बी यांनी म्हटले आहे.

या पूर्वघटकांकडे मॅन, एलिस आणि टेंपल यांचेही लक्ष गेले होते. मात्र त्यांचे काम दक्षिणेकडील भाषांवर होते. ही रचना उत्तरेकडील भाषेतही टिकून आहे आणि संपूर्ण व्याकरणात पसरलेली आहे, हे ध्वनिमुद्रित सामग्रीच्या आधारे दाखविता आले.

अन्य वैशिष्ट्ये

भाषेत सात स्वर आहेत. मूर्धन्य व्यंजने आणि महाप्राण व्यंजनेही आढळतात. वाक्यातील सर्वसाधारण क्रम मराठीप्रमाणेच कर्ता-कर्म-क्रियापद असा आहे. भाषेच्या वंशसंबंधांबद्दल निरनिराळी मते मांडली गेली. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९७१ मध्ये अंदमानी भाषांचा समावेश 'इंडो-पॅसिफिक' या प्रस्तावित महाकुलात केला. परंतु हा प्रस्ताव भाषावैज्ञानिकांमध्ये सर्वसाधारणपणे स्वीकारला गेलेला नाही.

कथा, गाणी आणि पक्षी

समाजात कथा सांगण्याची परंपरा प्रकल्पाच्या आधीच खंडित झाली होती. नाओ ज्युनियर यांनी अनेक दशके कथा सांगितल्या वा ऐकल्या नव्हत्या आणि आपल्याला काही आठवत नाही असे ते सुरुवातीला म्हणत. पुढे त्यांनी कथा प्रथम अंदमानी हिंदीत आणि मग ग्रेट अंदमानीत सांगितल्या. आदिपुरुष फेर्ताजिदो आणि जिरो मिथे यांच्या कथा त्यांत विशेष महत्त्वाच्या आहेत.

जिरो मिथे याच्या कथेत माशाने गिळलेला माणूस आणि त्याच्या शोधात आलेली माणसे अखेर पक्षी होतात. पक्षी हे आपले पूर्वज आहेत या समजुतीचा उगम या कथेत दिसतो. या कथेमुळे पक्ष्यांची नावे, सवयी आणि वर्गीकरण यांची स्वतंत्र नोंद करण्यास चालना मिळाली. पुण्यातील 'इला फाउंडेशन'चे पक्षीअभ्यासक सतीश पांडे आणि अब्बी यांनी मिळून ग्रेट अंदमानी समाजाच्या पक्षीज्ञानावर लिहिलेले पुस्तक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. एखाद्या पक्ष्याचे नाव नेमके कोणत्या प्रजातीचे आहे हे केवळ भाषावैज्ञानिकाला ठरविता येत नाही. त्यामुळे अशा कामात पक्षीशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि भाषाविज्ञान यांचे सहकार्य आवश्यक ठरते.

प्रकाशित साहित्य

प्रकल्पातून आणि त्याच्या पुढील कामातून खालील प्रमुख ग्रंथ सिद्ध झाले :

इंग्रजी–ग्रेट अंदमानी–हिंदी कोश (२०१२) – ग्रेट अंदमानी शब्द ध्वनिलिपीबरोबर देवनागरीतही दिले आहेत, त्यामुळे हिंदी शाळांत शिकलेल्या समाजातील मुलांना ते वाचता येतात.

'अ ग्रामर ऑफ द ग्रेट अंदमानीज लँग्वेज' (२०१३) – ब्रिल या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केलेले सविस्तर व्याकरण.

'व्हॉइसेस फ्रॉम द लॉस्ट होरायझन' (२०२१) – दहा कथा आणि ४६ गाण्यांचा संग्रह. त्याला मूळ मुद्रणांची जोड आहे.

भाषाविज्ञानातील कार्याबद्दल अन्विता अब्बी यांना २०१३ मध्ये पद्मश्री पुरस्कार देण्यात आला.

मर्यादा आणि नैतिक प्रश्न

ग्रेट अंदमानीचे दस्तऐवजीकरण भाषेच्या अखेरच्या टप्प्यावर झाले, आणि त्याच्या मर्यादाही तेथूनच येतात. लहान मुले भाषा कशी आत्मसात करतात, तरुण एकमेकांशी कसे बोलतात, भांडणात वा थट्टेत भाषा कशी वळते, याचे नमुने मिळणे शक्य नव्हते. मुद्रित भाषा ही काही मोजक्या वृद्ध व्यक्तींची आहे. तिच्यातील एखादे वैशिष्ट्य संपूर्ण समाजाचे की त्या व्यक्तीचे, हे प्रत्येक वेळी ठरविता येत नाही. दक्षिण आणि मध्य अंदमानातील सहा भाषांची तर एकोणिसाव्या शतकातील नोंदींपलीकडे फारशी सामग्रीच नाही.

'शेवटचा भाषक' ही संज्ञाही जपून वापरावी लागते. भाषा अस्खलित बोलणारे, समजणारे पण न बोलणारे आणि काही शब्द वा गाणी जाणणारे, असे अनेक स्तर असतात. शेवटच्या अस्खलित भाषकाच्या मृत्यूनंतरही समाजात भाषेचे अवशेष राहतात. भाषा लुप्त झाली म्हणजे समाज लुप्त झाला, असाही अर्थ होत नाही.

ध्वनिमुद्रणांच्या मालकीचा प्रश्न सर्वच लहान भाषांच्या बाबतीत उपस्थित होतो. मृत व्यक्तीचा आवाज कोणी ऐकावा, गाणी कोणी वापरावीत आणि परदेशातील अभिलेखागारात ठेवलेली सामग्री मूळ समाजापर्यंत कशी पोचावी, याविषयीचे संकेत अजून घडत आहेत. अनेक अभिलेखागारे खुली, नोंदणीनंतर खुली आणि केवळ समाजासाठी राखीव, अशा वेगवेगळ्या प्रवेशपातळ्या ठेवतात.

सद्यस्थिती

युनेस्कोच्या लुप्तप्राय भाषांच्या नकाशासंग्रहात ग्रेट अंदमानीचा समावेश 'अत्यंत संकटग्रस्त' या वर्गात करण्यात आला आहे. भारताच्या जनगणनेत दहा हजारांपेक्षा कमी भाषक असलेल्या भाषांची स्वतंत्र आकडेवारी १९७१ पासून प्रसिद्ध होत नसल्याने अशा भाषा अधिकृत यादीत दिसत नाहीत. याच मर्यादेखालील भाषांसाठी केंद्र सरकारने २०१३ मध्ये लुप्तप्राय भाषांच्या संरक्षणाची योजना सुरू केली. तिची जबाबदारी म्हैसूर येथील केंद्रीय भारतीय भाषा संस्थेकडे आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२२ ते २०३२ हे आदिवासी भाषांचे आंतरराष्ट्रीय दशक म्हणून जाहीर केले आहे.

ग्रेट अंदमानी समाजातील बहुतेक व्यक्तींची दैनंदिन भाषा आज हिंदी आहे. कोश, व्याकरण आणि ध्वनिमुद्रणे यांच्या आधारे भाषा पुन्हा शिकता येण्याची शक्यता तत्त्वतः उपलब्ध असली, तरी ती समाजाची इच्छा, शिक्षणातील स्थान आणि रोजच्या वापराची संधी यांवर अवलंबून आहे.

महाराष्ट्रातील समांतर कार्य

महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवर, बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद परिसरात बोलली जाणारी निहाली ही कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी संबंध सिद्ध न झालेली भाषा आहे. तिच्यावर सुधीभूषण भट्टाचार्य, एफ. बी. जे. कायपर, आशा मुंडले आणि के. एस. नागराज यांनी संशोधन केले असून पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातील शैलेंद्र मोहन यांनी तिच्या दस्तऐवजीकरणाचे काम केले आहे. याच संस्थेने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले असून त्यात गावोगावच्या भाषकांची कथने ध्वनिमुद्रित केली आहेत. निहालीचे भाषक ग्रेट अंदमानीच्या तुलनेत पुष्कळ अधिक, सुमारे दोन हजारांच्या आसपास असल्याचे मानले जाते. भाषा घरात बोलली जात असतानाच तिचे मुद्रण करण्याची संधी तेथे अद्याप आहे.

हेही पहा

अंदमान आणि निकोबार
जारवा
ओंगे
सेंटिनली
निहाली भाषा
लुप्तप्राय भाषा
भाषाविज्ञान